पुराव्याची पेटी

आयुष्यात मी कुणाला लाच दिलेली नाही, पण एकदा हापूसची पेटी दिली. परदेशात शिकून रत्नागिरीला परतलो होतो. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले.

"यंदा कलमं बरी लागलीत हो तुमची. एक पेटी पाठवा, म्हणजे कागद पुढे सरकेल."

मी तडक ठाण्यात जाऊन तक्रार केली. मोठे साहेब संतापले.

"लाच मागतो? ती पेटी पुरावा म्हणून जमा करा!"

मी छाती फुगवून पेटी नेऊन दिली, पावतीही घेतली. आठवड्याने गेलो, तर पेटीत नुसतं गवत.

"नासणारा मुद्देमाल. पंचांसमक्ष संपवला," साहेब म्हणाले.

"आणि माझी तक्रार?"

"पुराव्याशिवाय तक्रार कसली? पण तुमच्या कागदावर शेरा मारलाय: अर्जदार पोलिसांना सहकार्य करतो."