मरून रंगाच्या गाडीच्या चोरीची फिर्याद मागे घेण्याबाबत

ता. १७ जानेवारी १९९८, सुरत

नाव मगन भिकन बिरारी, वय ४६, धंदा पलसाणा येथील साडी प्रोसेस मिलमध्ये रंगखात्याचा मुकादम, मूळ राहणार तालुका साक्री, जिल्हा धुळे, हल्ली राहणार रामकृपा सोसायटी, भेस्तान. मला गुजराती बोलता येते पण लिहिता येत नाही, म्हणून या ठाण्याचे जमादार श्रीरंग वानखेडे, जे मूळचे अकोल्याकडचे आहेत, ते माझे म्हणणे मराठीत उतरवून घेत आहेत. त्यांनी समोर बसवून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी कुसुम व आई सरस्वतीबाई यांच्यासह राहतो. मागील दसऱ्याला मी मरून रंगाची नवी मारुती गाडी घेतली. मी वीस वर्षे रंगात काम करतो. असा मरून सहसा बसत नाही, एक तर काळा पडतो नाहीतर विटकरी दिसतो. या गाडीचा बसला आहे. म्हणून मी तो जपतो. गाडीवर पॉलिश चढवून घेतले आहे. धूळ कोरड्या फडक्याने पुसू देत नाही, आधी पाणी सोडतो. बांगड्या घातलेल्या हाताने दार लावू देत नाही. आई काठी घेऊन चालते, म्हणून तिला गाडीजवळ जाऊ नको असे सांगितले होते. मिलमध्ये बॉयलरची राख उडते, म्हणून मी गाडी पलसाण्याला नेत नाही, मिलच्या टेम्पोने जातो. रविवारी सकाळी पेट्रोल पंपापर्यंत नेऊन आणतो.

गाडीला कुसुमने शिवलेले कव्हर आहे. ते मिलमधून खराब छपाई म्हणून बाजूला काढलेल्या साड्यांचे असून आतून जुन्या मऊ धोतराचे अस्तर आहे.

आज बॉयलरची दुरुस्ती निघाल्याने मिल दुपारी सुटली व मी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो. घराला कुलूप होते. शेजारी राहणाऱ्या कमलबेन यांच्या घरालाही कुलूप होते. बायका देवळात गेल्या असतील असे मला वाटले. गाडी कव्हर घालून जागेवर उभी दिसली. मी येता-जाता बॉनेटवर हात ठेवतो, तसा ठेवला, तर हात आत गेला. कव्हर उचलून पाहिले. खाली आमच्या घरातल्या दोन खाटा, पाण्याचे पिंप आणि तीन गाद्या अशा रचल्या होत्या की वरून गाडीचा आकार यावा. गाडी नव्हती.

चोराने आमच्याच खाटा वापरल्या याचा मला फार राग आला. त्या घराबाहेर कशा आल्या हे त्या वेळी सुचले नाही. मी तसाच या ठाण्यात पळत आलो व फिर्याद दिली. जमादारांनी गाडीची ओळखीची खूण विचारली. मी म्हणालो, "कुठेही ओरखडा नाही." ते म्हणाले, "ही खूण कशी लिहू?" मी म्हणालो, "तशीच लिहा." त्यांनी वायरलेसवर निरोप दिला व मला बाकावर बसवले. त्यांनी चहा मागवला, तो मी घेतला नाही.

काही वेळाने डुमस रस्त्यावरील चौकीतून उलट निरोप आला की सदर नंबरची गाडी मिळाली असून गाडीत तीन बाया आहेत. चालवणारी बाई शिकाऊ लायसन दाखवते आणि म्हणते की, "गाडी माझ्या नवऱ्याची आहे. चोरी झाली असं त्यांनीच सांगितलं असेल, तर मीच गाडी घेऊन ठाण्यात येते." जमादारांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "माझ्या बायकोला गाडी येत नाही."

मी ठाण्याच्या फाटकात जाऊन उभा राहिलो. गाडी मुख्य रस्त्यावरून आली. वळायच्या आधी सिग्नल दाखवला. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याला जाऊ दिले. मग सावकाश फाटकातून आत येऊन जीपच्या शेजारी सरळ रेषेत उभी राहिली. चालवायला कुसुम होती. तिने पदर कमरेला खोचला होता व चष्मा लावला होता. तिच्या शेजारी कमलबेन होत्या, त्यांच्या घरचा ड्रायव्हिंगचा क्लास आहे व त्या बायकांना शिकवतात. मागे चौकीचे शिपाई आणि आई बसले होते. मागच्या काचेवर 'एल' लिहिलेला कागद चिकटवला होता. काचेवर होता, रंगावर नव्हता.

जमादारांनी पाणी दिले ते प्यायलो.

मी कुसुमला विचारले, "कधी शिकलीस?"

ती म्हणाली, "दिवाळीपासून. तुम्ही पलसाण्याला गेलात की आम्ही मैदानावर जायचो."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला नसता. नुसते फडकं घेऊन गाडीमागे धावला असता."

यावर जमादार हसले. कमलबेन म्हणाल्या, "साहेब, कुसुमबेन बहु सरस चलावे छे." म्हणजे फार छान चालवते. शिपायानेही तसेच सांगितले.

आज कोठे गेला होता असे विचारले असता कुसुमने सांगितले की, आई सुरतेत राहायला येऊन इतकी वर्षे झाली पण तिने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून तिला डुमसला नेले. आई गाडीतून उतरली. तिच्या पायांना वाळू होती व लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते. ती घरी अहिराणी बोलते. ती मला म्हणाली, "मगन, समुद्र दखी उनूत. पानी पायले धरस रे." समुद्र पाहून आलो, पाणी पाय धरते, असे तिचे म्हणणे होते. तिला इतके हसताना मी वडील गेल्यापासून पाहिले नव्हते. खारी हवा रंगाला वाईट असते हे मला माहीत आहे. ते मी त्या वेळी बोललो नाही.

आईने माझ्यासाठी भजी आणली होती. तिने पुडा बॉनेटवर ठेवून उघडला. मी, जमादार, शिपाई व इतर स्टाफ यांनी तेथेच उभे राहून भजी खाल्ली. बॉनेटवर तेलाचा डाग पडला आहे. तो पंचनाम्यात घेण्याची जरूर नाही.

कुसुमने आपण होऊन दाखवले की डाव्या दारावर बाभळीच्या फांदीचा ओरखडा आला आहे. मी बोट फिरवून पाहिले. पत्रा दिसत नाही. जमादारांनी "नुकसान लिहू का?" असे विचारले. मी "नको" म्हणालो. कुसुम म्हणाली, "रागावला असाल तर इथंच बोला." मी तिला म्हणालो, "तो ट्रॅक्टर आला तेव्हा तू थांबलीस, ते बरोबर केलंस." ती खाली बघून चष्मा पुसू लागली.

सबब गाडी चोरीस गेलेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही व दुपारची फिर्याद मी राजीखुशीने मागे घेत आहे.

गाडी कोणाच्या ताब्यात देऊ, असे जमादारांनी विचारले. मी सांगितले, "कुसुम मगन बिरारी हिच्या द्या." शिकाऊ लायसन असल्याने पुढे कमलबेन बसणार आहेत. मी मागे आईजवळ बसणार आहे. गाडी लगेच घरी जायची नाही. आईला तापी नदीवरचा पूल पाहायचा आहे.

हा जबाब जमादारांनी मोठ्याने वाचला, तो बाहेर गाडीपर्यंत ऐकू गेला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे व खरा आहे. कुसुमने गाडी सुरू केली असल्याने सही उभ्यानेच करत आहे.

मगन भिकन बिरारी

समक्ष: श्रीरंग वानखेडे, जमादार