टेकडीवरची शांतता

वीजकचेरीच्या रांगेत मास्तरीणबाई टेकडीवरच्या नव्या घराच्या मीटरचा अर्ज घेऊन उभ्या होत्या. पुढे एक बाई आणि तिचा रुग्णवाहिका चालवणारा दीर घरासाठी भाग निवडत होते. मास्तरीणबाईंनी कानांत प्राण आणले.

"भावजी, बाजारामागची वस्ती कशी आहे हो?"

"भयंकर. स्ट्रेचर काढलं की दहा भाषांतली वीस माणसं हात लावायला जिन्यात हजर."

"नको बाई. आणि टेकडीवर?"

"चिटपाखरू नाही. बेल वाजवली तर शेजारचा आतून दुसरी कडी लावतो."

"मग तिथेच बघू. आई दिवसभर एकट्या असणार, त्यांना शांतताच बरी."

"घ्या ना, वहिनी. तिथल्या एक आजी गेल्या महिन्यात चार दिवस शांत होत्या."

"पार्किंग आहे का?"

"ऐसपैस. आम्ही गाडी निवांत लावली. घाई कसलीच नव्हती."