आठ फुटी टाकी आणि तिसऱ्यांचे कालवण

जबाब, दिनांक १४ फेब्रुवारी २०२५
पोलीस ठाणे, रत्नागिरी

मी, श्रीमती करुणा अभय गमरे, वय ३९ वर्षे, व्यवसाय नोकरी (लिपिक), राहणार नाचणे, तालुका जिल्हा रत्नागिरी. नावापुढे आधी सौ. टाइप झाले होते, ते खोडून श्रीमती केले आहे व त्या जागी माझी सही आहे. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर माझी सासू शालन महेंद्र गमरे, वय ६७, व मुलगी सानिका, वय १३, यांच्यासह राहते. सासरे हयात नाहीत. माझे पती अभय, वय ४३, व्यापारी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होते. सहा महिने बोटीवर आणि चार महिने घरी, असे आमचे सोळा वर्षे चालले होते. त्यांना लहानपणापासून दमा होता. बोटीवर जाण्याच्या तपासणीत तो कधी आडवा आला नाही, कारण औषधे वेळच्या वेळी घेत. माझे पती ३० जानेवारीला घरी आजारी पडले व १ फेब्रुवारीला कोल्हापूर येथे रुग्णालयात मयत झाले. मी त्यांना कालवणातून विष घातले अशी तक्रार सासूबाईंनी जलदान विधीच्या दिवशी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसमोर केली व नंतर येथे लेखी दिली. त्या तक्रारीची प्रत मला दाखवण्यात आली आहे. मी ती वाचली आहे.

टाकीबाबत विचारल्यावरून सांगते की, पतींना घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याचा नाद होता. साधे मासे नव्हेत. दगड, त्यावर जिवंत प्रवाळ, शेवाळ खाणारे शंख, आणि मासे सर्वांत शेवटी. आधी चार फुटी होती. या सुट्टीत त्यांनी हॉलमध्ये आठ फुटी बांधायला घेतली. काच एकोणीस मिलीमीटरची, खाली जांभ्याचा ओटा, ओट्याच्या पोटात गाळणीची दुसरी टाकी, पंप, फेस काढणारे यंत्र, पाणी गार ठेवणारे यंत्र. लाइट गेली तर म्हणून वेगळा इन्व्हर्टर. सर्व सामान व प्रवाळ मुंबईच्या दुकानातून बिलावर घेतलेले आहे, आपल्या समुद्रातून काही काढलेले नाही. पाणीसुद्धा नाही. पाकिटातले मीठ शुद्ध पाण्यात कालवून ते समुद्र करत. सासूबाई म्हणायच्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा. भाट्याचा समिंदर काय आटला काय रं?" यावर पती हसायचे. मला हसू येत नव्हते, कारण त्यांच्या सुट्टीचे चार महिने ती टाकी खाऊन टाकत होती.

सासूबाईंना टाकी आवडत नव्हती. त्या तिच्या जवळ जात नसत. उलट आम्हा दोघींना, म्हणजे मला व सानिकाला, पतींनी बजावून ठेवले होते की दगडावर जी प्रवाळाची गुंडीसारखी फुले वाढतात, ज्यांना टाकी ठेवणारे लोक बटणं म्हणतात, त्यांना उघड्या हाताने शिवायचे नाही, त्यात विष असते. ते स्वतः रबरी मोजे आणि चष्मा घालूनच हात घालत. सासूबाईंना हे सांगितलेले नव्हते. ज्या बाईने चार वर्षांत टाकीत बोट घातले नाही तिला काय सांगायचे, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले.

तक्रारीत लिहिले आहे की मी २८ जानेवारीला पतींशी भांडले व "फुटू दे ती टाकी, नाहीतर मला माहेरी सोडा" असे म्हणाले. मी असे म्हणाले, हे खरे आहे. त्याच भांडणात सासूबाई मध्ये पडल्या. "त्याचा जीव रमतो, तुजा काय जातो?" असे त्या म्हणाल्या. मी उलट बोलले. तेव्हापासून आमचे दोघींचे बोलणे बंद होते. आमच्या घरात अबोला ही नवीन गोष्ट नाही. दोन दिवसांत कुणीतरी चहा पुढे करते आणि संपतो.

दगडांबाबत सांगते की, जुन्या टाकीतले दगड नवीन टाकीत न्यायचे होते. त्यातले पाच दगड बटणांनी पुरते माखलेले होते. पती म्हणाले, हे असेच नेले तर नवीन टाकीत दुसरे काही जगणार नाही. ते पाच दगड मागच्या पडवीत घमेल्यात काढून ते दोन दिवस खरवडत होते. २९ तारखेला चहा घेताना ते सासूबाईंना म्हणाले, "आये, सुटता सुटत नाय गो ती." त्या उठल्या. पडवीत जाऊन घमेल्यात वाकून बघून आल्या. टाकीतल्या वस्तूकडे त्यांनी आपण होऊन बघितलेले मी पहिल्यांदा पाहिले.

दिनांक ३० रोजी मी रजेवर होते. सकाळी मिरकरवाडा बंदरावरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणल्या व दुपारी कालवण केले. मी, पती व सासूबाई, तिघेही तेच जेवलो. सर्वांत जास्त मी खाल्ले, कारण उरलेले वाया जाऊ नये म्हणून पातेले मी पुसून खाते. सानिका शाळेत होती. तिच्यासाठी आधीच काढून ठेवले होते, ते तिने संध्याकाळी खाल्ले. आम्हा दोघींना कसलाही त्रास झालेला नाही.

जेवणानंतर पतींचे मित्र संदेश, ज्यांचे उद्यमनगरला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, ते मदतीला आले. ते घरून जेवून आले होते. आमच्याकडे त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही. पती ओट्याच्या पोटात आडवे शिरून पाइप जोडत होते व संदेश बाहेरून पाइप धरून बसले होते. पाइप चिकटवण्याच्या सोल्युशनचा वास कोंडू नये म्हणून पतींनी पडवीच्या दारात टेबल फॅन लावला होता. फॅनचे तोंड आत होते, म्हणजे पडवीतली हवा थेट त्यांच्या अंगावर जात होती.

मी मोरीत भांडी घासत होते. सासूबाईंनी न्हाणीच्या चुलीवर मोठे तपेले चढवलेले मी पाहिले. या वेळेला पाणी कशाला म्हणून मी बघितले, तर त्या माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाल्या, "हाय आमचा काम." आमचे बोलणे नसल्याने मी पुढे विचारले नाही. साहेबांनी मला विचारले की का विचारले नाही. त्याचे उत्तर वरच्या वाक्यात आले आहे. 

सासूबाईंचे माहेर साखरतरचे. त्यांचे लहानपण खाडीवर कालवं आणि तिसऱ्या काढण्यात गेले आहे. त्यांच्याकडे रीत अशी की खाडीतून आलेली कुठलीही वस्तू घट्ट मिटलेली असो की दगडाला चिकटलेली असो, तिच्यावर कढत पाणी ओतायचे. जीव सुटला की धर सुटते. ही रीत मलाही माहीत आहे, मीही तिसऱ्यांना तेच करते. त्यांनी ते तपेले पडवीत नेऊन घमेल्यातल्या पाच दगडांवर ओतले. पुन्हा भरून पुन्हा ओतले व कालथ्याने खरवडले. वाफेचा उग्र वास मोरीपर्यंत आला. घमेले फॅनच्या पाठीमागे होते.

थोड्या वेळाने त्या मला बोलवायला आल्या. अबोला त्यांनी मोडला. घमेल्यातले दगड पांढरे स्वच्छ झाले होते. त्या म्हणाल्या, "बग. दोन दिस घासत व्हता. येका तपेल्यात सुटला सगला. आता बोलू नको त्याला, भायेर आला की दाखवू." त्यांना खोकला येत होता, पण त्या हसत होत्या. मला खरे सांगायचे तर बरे वाटले. मी त्यांना चहा करून दिला.

पती बाहेर आले ते भिंत धरून. त्यांना धाप लागली होती, थंडी भरली होती. ते म्हणाले, "तोंडाला तांब्यासारखी चव येतेय. कालवण कडू होतं काय गं?" हे वाक्य सासूबाईंनी ऐकले. तक्रारीत ते जसेच्या तसे आहे व ते खरे आहे. मग त्यांना उलटी झाली. तोंडात मारायच्या औषधाच्या पंपाने दमा बसेना. त्यांना रत्नागिरीतील रुग्णालयात नेले व तेथून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला हलवले. दगड त्यांना दाखवायचे राहून गेले. त्या गडबडीत दगडांची आठवण कुणालाच नव्हती. डॉक्टरांनी काय खाल्ले विचारले, मी तिसऱ्या सांगितले. संदेशनाही त्या रात्री ताप व धाप होती, पण ते त्यांच्या घरी होते व आम्हाला ते नंतर कळले. सासूबाईंचा खोकला दोन दिवसांत गेला. त्या फॅनच्या पाठीमागे उघड्यावर होत्या.

कोल्हापूरला पतींच्या तोंडावर मास्क होता. तो बाजूला करून त्यांनी मला विचारले, "दगड कुठायत?" मला वाटले, इथे जीव जातोय आणि याला अजून टाकीच पडली आहे. मी म्हणाले, "मरू देत तुमचे दगड." त्यांनी पुन्हा हात हलवला, काहीतरी विचारायचे होते. सिस्टर मास्क लावायला आल्या. त्यानंतर त्यांना नळी घातली, त्यामुळे पुढे बोलणे झाले नाही. ते काय विचारत होते ते आता मला कळते. हे सांगताना मला मध्ये पाणी देण्यात आले.

अंत्यविधीनंतर संदेश घरी आले. कालवण न खाता आपल्याला त्रास का झाला, हा प्रश्न त्यांनी काढला. मी त्यांना पडवीतले पांढरे दगड दाखवले व कसे झाले ते सांगितले.  त्यांनी टाकी ठेवणाऱ्या पतींच्या ओळखीच्या लोकांना फोन लावला. त्या सर्वांनी एकच सांगितले, की बटणांवर कढत पाणी ओतले तर विष वाफेतून उठते आणि कोंडलेल्या जागेत माणूस सापडला तर वाचणे अवघड, त्यात दमा असेल तर फारच. मी हे कोल्हापूरच्या डॉक्टरांना जाऊन सांगितले. लक्षणे जुळतात असे ते म्हणाले. त्यावर उतारा नाही व आधी कळले असते तरी उपचार हेच असते, असेही म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. त्यांचा लेखी अभिप्राय सोबत दिला आहे. दगड मोजे घालून बंद पिंपात ठेवले आहेत, ते पंचनाम्यात आले आहेत.

माझा कुणावरही संशय नाही. सासूबाईंनी जे केले ते मुलाची दोन दिवसांची मेहनत वाचावी म्हणून केले. त्यांना यातले काही माहीत नाही. संदेशना मी शपथ घातली आहे. आमच्या माणसांत हे मी व संदेश यांच्याखेरीज कुणाला माहीत नाही, सानिकालाही नाही.

माझी विनंती अशी की, तक्रारदाराला तपासाचे कळवताना घातपात नाही एवढेच कळवावे, तपेल्याचे सांगू नये. साहेब म्हणाले, कालवणात विष नव्हते म्हटल्यावर म्हातारी विचारणारच की मग कशात होते. ते खरे आहे. सासूबाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. साहेब असेही म्हणाले की कागदावर खोटे लिहिता येणार नाही. मला कागदावर खोटे नको आहे. माझी नोकरी आहे, मुलगी आहे, माझ्या नावावर खून नको म्हणून तर मी सर्व खरे सांगितले. तोंडी सांगायचे काम मी करते. मी त्यांना सांगणार आहे की विष कुणी घातले नाही, काही तिसऱ्या मेलेल्या निघाल्या, मी न बघता तशाच घातल्या व त्या नेमक्या पतींच्या ताटात गेल्या. न उघडलेली तिसरी टाकून द्यायची असते हे आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरीला कळते. त्या मला जन्मभर ऐकवतील, गावभर सांगतील, माझ्या हातचे जेवणार नाहीत. मला त्यांचा राग येतो, आजही येतो, पाहुण्यांसमोर त्यांनी मला काय काय म्हटले ते मी विसरणार नाही. पण मला शिव्या द्यायला तरी त्या रोज सकाळी उठतील. दुसरे कळले तर त्या उठणार नाहीत.

जबाब पूर्ण झाल्यावर हवालदारांनी तो वाचायला घेतला. सासूबाई माझ्यासोबतच रिक्षाने आल्या आहेत व बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांचे कान शाबूत आहेत. म्हणून माझ्या सांगण्यावरून दार लावून, हळू आवाजात, तो मला वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच आहे आणि खरा आहे.

समक्ष सही
करुणा अभय गमरे