घरच्या मैदानावरची मॅच

दुष्काळातली आमची येडशीची बास्केटबॉलची टीम म्हंजे काय सांगू! दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, संध्याकाळी प्रॅक्टिस. बॉल टाकायला हातच वर जायचे न्हाईत. सीझनच्या तोंडावर सर मॅचेसचं टाइमटेबल घेऊन आले.

"पहिली सोलापूरला. लई तगडी टीम हाय."

कॅप्टननं विचारलं, "सर, तिथं आंघोळीला पाणी मिळंल?"

"मिळंल की."

"मग जाऊ. हरलो तर हरलो."

"दुसरी लातूरला. त्यांनी मागच्या साली आपल्याला धुतलंय."

"नळ हाय का?"

"हाय."

"चालतंय."

सर खुलले. "तिसरी एकदम सोपी. समोरची पोरं नवी, अन् मॅच आपल्याच मैदानावर."

कॅप्टन खाली बसत म्हणाला, "सर, हीच अवघड हाय. एवढ्या पाहुण्यांना प्यायला पाणी कुठनं आणायचं?"