पॅकेज बाराचं

...अन् वरून म्हणते कसा, "तो दोस्तों, अब ये पॅकेज अपने किसी दोस्त के कंप्यूटर पे चलाकर देखिए!" अरे, कोणच्या दोस्ताच्या बाप्पा? तुमाले सांगतो, प्रोग्राम बनवाचा अख्खा कोर्स केला मी! फुकटचा होता म्हणून नाई, मन लावून केला. तो व्हिडिओतला माणूस म्हणे "करके देखिए", मी केलं, चुकलो, पुन्हा केलं, अन् शेवटच्या स्वाध्यायाले येऊन अडकलो. काऊन? प्रोग्राम जमला नाई म्हणून? नाई जी! प्रोग्राम पाण्यावानी चालते. दोस्त नाई म्हणून अडकलो! मंग सुरुवातीलेच लिहून द्याचं ना, का लॅपटॉप पाहिजे, इंटरनेट पाहिजे अन् एक दोस्त पाहिजे. मी फॉर्मच भरला नसता!

आता तुमी म्हणसान, असा कसा हा माणूस, एक दोस्त नाई? ऐका. मी प्रेमदास. कारंजा घाडग्याच्या अलीकडं हायवेवर पुंडलिकरावचा धरमकाटा आहे, तेथं काम्प्युटरवर बसतो. भरला ट्रक येते, काट्यावर चढते, मी वजन टिपतो, खिडकीतून पावती देतो, ट्रक जाते. दिवसभर माणसं येते, पण बोलते कोण? खिडकीतून एक हात येते, पावती घेते, हात जाते. चेहरे नाई माहीत मले, लोकायचे हात ओळखतो मी! घरी जावं तं घर रिकामं, आई-बाबा नागपूरले मोठ्या भावाकडं नातू सांभाळाले गेले ते गेलेच. संगचे सारे पोट्टे पुण्याले. फोन वाजते तं कंपनीची बाई बोलते, तेही रेकॉर्ड केलेली... मी तिचंही पुरं ऐकून घेतो. आजोबानं नाव ठेवलं प्रेमदास, त्यातला दास तेवढा खरा निघाला. म्हणून तं कोर्स लावला! म्हणलं, शिकणं होईन, अन् तो माणूस निदान "दोस्तों" तं म्हणते. दिवसातून तेवढं एक कोणी म्हटलं का बरं वाटते जी, खरं सांगतो.

अन् शिकलो बरं का! पहिले तं मोठा घोटाळा केला. काट्याच्या काम्प्युटरवरच शिकत होतो. पुंडलिकरावचा पावतीचा प्रोग्राम जुन्या सामानावर, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारा, अन् कोर्सवाला म्हणे नवं सामान टाका. टाकलं! पावती बंद. अरे बाप्पा, ट्रकायची लाइन पार गुलाबभाऊच्या ढाब्यापर्यंत, अन् पुंडलिकराव तिकडून धोतर सावरत, "प्रेम्या! बह्याडा! काय खाऊ घातलं रे मशीनले?" मंग पुढच्या व्हिडिओत तो सांगते, "दोस्तों, हर प्रोजेक्ट को अपना अलग एन्व्हायरमेंट दीजिए." हे आधी सांगाचं ना लेका! म्हणजे काय, तं एकाच काम्प्युटरात ज्याचं त्याचं घर येगळं, ज्याचं त्याचं सामान येगळं, एकाचं दुसऱ्याले लागत नाई. आमच्याइकडं याले येगळी चूल मांडणं म्हणते! दोन सुनाईले एका चुलीवर ठेवलं का मिठावरून भांडण, येगळी चूल दिली का दोघी एकमेकीले भाजी पाठवते. एवढी साधी गोष्ट, अन् नाव काय, तं व्हर्च्युअल एन्व्हायरमेंट.

मंग जुना लॅपटॉप घेतला अन् पॅकेज बनवलं. पॅकेज म्हणजे आपला प्रोग्राम असा बांधून देणं का कोणीबी आपल्या घरी नेऊन उघडावं अन् चालवावं. मी काय बनवलं? हासू नका. त्याचं नाव ठेवलं 'जेवलेका'. चालू केलं का ते इचारते, "जेवले का?" हो म्हटलं का म्हणते, "काय जेवले?" नाई म्हटलं का रागावते, "काऊन?" बस, एवढंच. आता असं काऊन बनवलं म्हणसान तं... मले कोणी इचारत नाई म्हणून बनवलं. आहे तं आहे!

पण "किसी दोस्त को दीजिए"! पुण्याच्या एकाले फोन केला, तो म्हणे, "भाऊ, मीटिंगमध्ये आहे, पुढच्या हप्त्यात पाहू." हप्ता आला, गेला, मीटिंग काही सरली नाई. गुलाबभाऊले इचारलं, तो म्हणे, "टाक माह्या मोबाइलात, गाणे वाजते का त्याच्यात?"

अन् तेवढ्यात आमचे नत्थूजी आले. दूरचे मामा, साऱ्या तालुक्याचे लग्न जमवते. म्हणे, "प्रेमदास, सिंदी मेघेले स्थळ आहे. वर्षाली नाव, काम्प्युटर शिकलेली, घरूनच काम करते." म्या इचारलं, "लॅपटॉप आहे का तिच्याकडं?" नत्थूजी कपाळाले हात लावून म्हणते, "अरे, लोक पोरीचा रंग इचारते, सैपाक इचारते, तू लॅपटॉप इचारून राह्यला?" तुमाले खरं सांगतो, मी पोरगी पाहाले गेलतो का दोस्त पाहाले गेलतो, मलेबी अजून समजलं नाई.

तं आमी गेलो. बैठकीत बसलो, कोथिंबिरीची सांबारवडी आली. पोरीचे वडील बंडूजी, मिशीवाले, वडी मोडून एकदम म्हणते, "पॅकेज किती आहे?"

आता माह्या डोक्यात महिनाभर एकच पॅकेज! मले वाटलं, वा, काय माणूस आहे, पोरीपासून ऐकलं असन! म्या म्हणलं, "बाराचं आहे जी." बारा केबी! लहानसंच आहे ना ते! बंडूजीची वडी हातातच राह्यली. "बारा! अन् काट्यावर?" म्या म्हणलं, "हो जी, काट्यावर बसूनच शिकलो. पहिले चाळीस होतं. मीच कमी करून बारावर आणलं." "कमी? काऊन कमी केलं?" "जड होते ना जी! घेणाऱ्याले तरास कायले?" बंडूजी आतमध्ये पाहून ओरडले, "अव, आणखी वडी आण!" तिकडून पोरीची आई आली, पदर सावरत इचारते, "तुमच्याइकडं एकत्र आहे का येगळं?" म्या म्हणलं, "मी तं येगळंच ठेवतो बाई. एकत्र ठेवलं का एकाचं दुसऱ्याले लागते, सारं बंद पडते. म्या एकदा भोगलं आहे." ती माउली अशी खूश, अशी खूश! नत्थूजी माह्या मांडीले चिमटे घेऊन राह्यले अन् मी म्हणतो, "थांबा ना नत्थूजी, त्याईले समजून राह्यलं!"

अन् पडद्यामागून वर्षालीचं हासू आलं. तुमाले सांगतो, साऱ्या घरात एकट्या तिलेच समजलं! मंग बंडूजी म्हणे, "पोरायले बोलू द्या." मांगच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ उभे राह्यलो. ती म्हणते, "बारा केबी ना?" ...मले काय वाटलं सांगू? रडू आलं जी. इतक्या दिवसानं कोणालेतरी माहं समजलं.

म्या तेथंच सांगितलं, मले एक दोस्त पाहिजे, टाकून पाहासान का? ती म्हणे, "द्या, टाकते." मोबाइलवरून पाठवलं, तिनं लॅपटॉप आणला, पायरीवर बसली. "पण येगळ्या एन्व्हायरमेंटमध्ये टाकीन हं. अनोळखी माणसाचं मी मेन मशीनवर घेत नाई." म्या म्हणलं, बरोबर आहे, तसंच पाहिजे. टाकलं. अन् चाललंच नाई! ती म्हणते, "अपेक्षांची फाइल कुठं आहे? हे चालाले अजून काय काय लागते, ते लिहून द्या लागते." म्या म्हणलं, "माह्या काई अपेक्षा नाईत." ती हासली, मंग हळूच म्हणे, "असं नसते. तुमच्याकडं ते आधीपासून असते म्हणून तुमाले दिसत नाई. दुसऱ्यानं कसं ओळखावं?" अन् आतून आवाज, "चहा झाला हो!"

घरी आल्याबरोबर फाइल जोडली, पाठवलं. दुसऱ्या दिवशी नत्थूजीचा फोन. "काय सांगतलं रे तू बंडूजीले? त्याईनं पुंडलिकरावले इचारलं! ते म्हणे, बारा लाख? अहो, त्याले बारा हजार तरी मिळते का इचारा! नकार आला." म्या म्हणलं, "नकार असू द्या, चाललं का ते इचारा ना!" ते म्हणे, "काय चाललं?"

अन् तिचाच मेसेज आला! "चाललं. छान आहे. जेवले का इचारलं, मी हो लिहिलं. काम झालं म्हणून एन्व्हायरमेंट पुसलं." बस. तोच तं त्याचा गुण सांगते जी कोर्सवाला, फोल्डर पुसलं का मशीनले पत्ताच राहत नाई का कोणी आलतं. बरोबर केलं तिनं. शिकलेली आहे. म्या "धन्यवाद" लिहिलं, तिनं अंगठा पाठवला. मंग म्या 'जेवलेका' चालू केलं. "जेवले का?" नाई. "काऊन?" ...काऊनच्या पुढं म्या काई लिहिलंच नव्हतं. ते थांबून राह्यलं, मी थांबून राह्यलो.

तरी कोर्सवाल्याचं प्रमाणपत्र आलं हो! बधाई हो म्हणे. अन् लगेच पुढचा धडा सुरू, "तो दोस्तों, अब टीम में काम करेंगे. इसके लिए आपको चाहिए दो दोस्त!"

म्या नत्थूजीले फोन लावला. म्हणलं, "नत्थूजी, ह्या खेपेले दोन स्थळं पाहाजा." ते म्हणे, "दोन? कायले रे?"

म्हणलं, "लग्नाचं मागाहून पाहू जी, धडा तं पुरा होऊ द्या!"