टोपात बसायच्या आधी

नाही हो, दुखत नाही, कोण म्हणालं दुखतं म्हणून — नुसतं बसायचं असतं. मान जरा खाली. अशी. तुम्हाला धाकट्या बाईंनी पाठवलंय म्हणजे मागून आणि कानांवरून बारीक, वर जेमतेम बोटभर, कळलं मला, त्यांची सगळी माणसं माझ्याकडेच येतात. उद्या तपासायला घालतील तो टोप आणि डोकं यांच्यामध्ये केसांची गादी नको, टोपातल्या डब्या जेवढ्या कातडीजवळ तेवढं त्यांना बरं ऐकू येतं — ऐकू म्हणजे आपलं बोलायची पद्धत. आणि पिन, क्लिप, कानातलं, उद्या काहीही नको, डोळ्यांनासुद्धा काही लावायचं नाही, त्या खोलीत लोखंडाचा कण चालत नाही. रडताय का? रडा, पण मान हलवू नका. केस काय, येतात परत. केसांइतकं न सांगता काम करणारं माझ्या घरात दुसरं कुणी नाही.

डब्या कसल्या, तर काचेच्या, नखाएवढ्या. प्रत्येकीत कुठल्याशा धातूची वाफ, आणि तिच्यातून लेझरचा उजेड जातो. तो उजेड वाफेतल्या अणूंना एका दिशेला तोंड करून उभं करतो, कवायतीला करतात तसं. मग तुमच्या डोक्यात काही हललं — विचार म्हणा, झटका म्हणा — की त्याचं इवलंसं चुंबक होतं, आणि अणूंच्या माना किंचित वळतात. माना वळल्या की उजेड बदलतो, उजेड बदलला की बाहेर पडद्यावर रेघ हलते. झालं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून पाठ झालंय. खुर्चीत बसलं की माणूस बोलत सुटतं. मी स्वतः फारसं बोलत नाही.

त्या टोपात बसलेली पहिली आजारी बाई कोण, माहीत आहे? धाकट्या बाईंची सख्खी थोरली बहीण. दोघी माझ्याकडे यायच्या त्या कॉलेजात होत्या तेव्हापासून. थोरली विद्यापीठात शिकवायची, धाकटी तिच्याच हाताखाली शिकली आणि तिच्याच खात्यात लागली. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरलीनंच वाढवलं म्हणायचं — वेणी घालण्यापासून गणितापर्यंत. आणि थोरल्या बाईंना आयुष्यात प्रश्न एकच. मला सांगायच्या, अगं, या अणूबिणूंचं गणित आम्ही मांडतो, उत्तर दर वेळी बरोबर येतं, कधी म्हणून चुकत नाही. पण बघायच्या आधी तिथं काय असतं, ते मात्र गणित सांगत नाही. आडव्या पडद्याला दोन फटी ठेवून कण एकेक करून सोडला, तरी फटी दोन आहेत याची त्याला खबर असते, पलीकडे नक्षी उमटते. आणि कुठल्या फटीतून गेलास म्हणून पाळत ठेवली, की नक्षीच गायब. मी म्हटलं, माझ्या सासूबाई अशाच होत्या, कुणी बघायला लागलं की कामच बंद. तर हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या सासूबाईंना कारण होतं, यांचं कारण सापडत नाही.

तर दोघींनी मिळून त्या प्रश्नासाठी एक प्रयोग मांडला होता, इमारतीच्या तळघरात. अशीच वाफ, असाच उजेड. पण अणू काही केल्या गप उभे राहीनात. वरच्या मजल्यावर लिफ्ट हलली की हे हलणार, बाहेर गाडी उभी राहिली की हे हलणार. थोरली वैतागली. धाकटी मात्र त्या हलण्याकडेच बघत बसली. म्हणाली, ताई, यांना लिफ्ट कळते, गाडी कळते, मग माणसाचं डोकं का नाही कळणार? आणि गेली की हो सोडून. दवाखान्याच्या मागं जागा घेतली, माणसं जमवली, टोप करायला लागली. थोरल्या बाई तिला एवढंच म्हणाल्या, आपला प्रश्न अर्ध्यावर टाकून टोप्या शिवायला निघालीस, शीव. त्यानंतर बोलणं बंद. भांडण नाही, आदळआपट नाही, सरळ बंद. एकजण महिन्याच्या सुरुवातीला यायची, दुसरी महिन्याच्या शेवटी, आणि दोघींची गाठ पडू नये हे बघायचं मी. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण केस कापणारीला एवढं कळायला लागतं.

डावीकडे वळा थोडं. हं.

मग एक दिवस थोरल्या बाई इथंच बसल्या होत्या, तुम्ही बसलात तिथंच, आणि काहीतरी सांगता सांगता थांबल्या. मला वाटलं, शब्द आठवताहेत. आरशात बघते तर डोळे उघडे, नजर कुठंच नाही, तोंड काही चघळल्यासारखं हलतंय आणि उजवा हात कापडाची कड चिवडतोय. हाक मारली तर ओ नाही. माझी कात्री हवेतच. आणि मग आपण होऊन पुन्हा सुरू, तेच वाक्य पुढं, जसं मध्ये काही झालंच नाही. मी म्हटलं, बाई, तुम्ही आत्ता गेला होता. म्हणाल्या, कुठं? मी तर बोलतेय. तुझा भास असेल. आता बघा, जन्मभर ही बाई विचारत आली, की कुणी बघत नसतं तेव्हा काय होतं, आणि इथं मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते तर हिचा विश्वास नाही. पुढच्या खेपेला मी फोन आरशाला टेकवून ठेवला, आणि झालं तसंच. दाखवलं. पुन्हा पुन्हा बघितलं त्यांनी. ओरडल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, बाई माझ्यासारखीच दिसते, पण मी तिथं नव्हते. आणि फळ्यापुढंही असं होतं का गं, असं विचारलं. मला काय माहीत? पण नंतर कळलं, होत होतं. पोरं गप बसून राहायची, त्यांना वाटायचं बाई विचार करताहेत.

डॉक्टरांनी सगळं केलं, डोक्याला तारा लावल्या, फोटो काढले. फिटचे झटके आहेत म्हणाले, पण उठतात कुठून ते नेमकं दिसेना, आणि नेमकं दिसल्याशिवाय चाकू लावणार कोण. गोळ्यांनी उतार पडेना. एकदा जिन्यात आला झटका, कोपर फुटलं. तेव्हा मीच धाकट्या बाईंना सांगितलं. केस कापता कापता, सहज सांगावं तसं. आरशात त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण अर्धे केस कापलेले तसेच ठेवून उठल्या आणि कापडासकट रस्त्यावर गेल्या. कापड अजून आणून दिलेलं नाही.

थोरली टोपात बसायला तयार होईना हो. ती या खुर्चीत, धाकटी दारात उभी, मी मध्ये उभी. थोरली म्हणते, त्या डब्यांत काय चालतं ते तुला तरी माहीत आहे का? धाकटी म्हणाली, नाही ताई, मला नाही माहीत, पण तुझ्यात काय चालतं ते त्यांना कळतं. यावर थोरल्या बाई पुष्कळ वेळ गप्प बसल्या, खऱ्या गप्प, झटक्याच्या नव्हे. मग मला म्हणाल्या, काप.

बिचकू नका, हे मशीन आहे, मानेवरून फिरवते.

खोली आतून कोऱ्या खोक्यासारखी आहे, जाड दार, बाहेरचं चुंबक आत येऊ नये म्हणून. घाबरायचं काही नाही. टोपाला सायकलवाल्यांच्या हेल्मेटएवढंच वजन, मान हलवता येते, पाणी पिता येतं. आणि शेजारी आपलं माणूस बसलेलं चालतं. त्यांनी मला बसवलं, कारण झटके माझ्यापुढं येतात म्हणून. बसले. सकाळ गेली, जेवणाची वेळ गेली, झटका काही येईना. पाहुणा आला की पोर जसं कविता म्हणत नाही तसं. मी आपली बोलतेय, गावभरच्या गोष्टी सांगून संपल्या. शेवटी दार उघडून धाकटी आत आली, मला म्हणाली, तुम्ही दमलात, मी बसते. मी उठले, पण बाहेर पडायच्या आत बोलणं सुरू झालं, म्हणून कोपऱ्यातच राहिले. धाकटी म्हणाली, ताई, एवढ्या वर्षांत एकदा फोन करावासा वाटला नाही? थोरली म्हणाली, वाटला. मग? तर थोरली म्हणाली — टोप घालून ताठ बसलेली, समोर भिंतीकडे बघत — म्हणाली, छोटी, तू गेलीस ना, तेव्हा मला खरं म्हणजे तुझा —

आणि तिथंच. तोंड चघळायला लागलं, हात पदर शोधायला लागला. बाहेर पडद्यापुढं बसलेल्या, धाकटीच्या हाताखालच्या पोरांचा आवाज, आलं आलं, स्वच्छ आलं, हलू नका. धाकटी हलली नाही. तिचा हात थोरलीच्या गुडघ्यावर होता तो तसाच. मग थोरली परत आली, इकडं तिकडं बघितलं, म्हणाली, काय म्हणत होते मी? धाकटी म्हणाली, काही नाही, ताई. झालं आपलं काम.

जागा सापडली. शेंगदाण्याएवढी, डाव्या कानाच्या वर. शस्त्रक्रिया झाली, झटके थांबले ते थांबले. जिना चढतात, एकट्या फिरतात. नावं तेवढी गेली. म्हणजे सगळी नाही — कात्री, कंगवा, शेजाऱ्याचं नाव, मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं. गणित सगळं आहे, चिन्हाला चिन्ह आहे. मला म्हणाल्या, बरं झालं, नावांचंच ओझं होतं. शिकवायला जात नाहीत आता, फळ्यापुढं नावावाचून पंचाईत होते. घरी बसून तोच प्रश्न —

हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. तुमची बाजू कुठली? उजवी? मग बहुतेकांचे शब्द तिकडं नसतात म्हणतात. आणि उद्या काही कुणी कापत नाही, उद्या नुसतं बघायचंय. मी डॉक्टर नाही, माझं काय ऐकता.

आता दोघी बरोबर येतात. धाकटी तिथं बाकावर बसते. थोरली अडली की तिथूनच शब्द पुरवते, कात्री, ताई. थोरली म्हणते, माहीत होतं. एवढंच बोलणं. ते वाक्य तेवढं राहिलं. एकदा थोरल्या बाई बाहेर पाणी प्यायला गेल्या तेव्हा धाकटीनं मला विचारलं, काय म्हणणार होती हो ती? राग आला, की धक्का बसला, की काय? मी म्हटलं, मला काय माहीत.

माहीत होतं. याच खुर्चीत कितीदा म्हणाल्या होत्या मला. आता विचारलं तर त्यांना आठवतही नाही, मी विचारून बघितलं. नाही, तुम्हाला नाही सांगत. ज्याचं वाक्य त्यानं पुरं करावं, मी कोण.

हेवा वाटला. बस, एवढंच. तू गेलीस तेव्हा मला तुझा हेवा वाटला. आणि ती ताई होती, धाकटीचा हेवा वाटतो हे ताईनं कुणाला सांगायचं? केस कापणारीला.

झालं. आरशात बघा. बरं दिसतंय, चेहऱ्याची ठेवण चांगली आहे तुमची. उद्या आत बसलात की धाकट्या बाई बाहेरून सांगतील, बोलत राहा, मनाला येईल ते बोला, गप्प बसू नका. तर बोला. घरचं बोला, दारचं बोला. हे तेवढं नको. आणि आलंच तोंडात, तर मी सांगितलं म्हणून सांगू नका. उठा, बाहेर माणूस थांबलंय तुमचं.