चिकटपट्टी नसलेलं भांडं

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा मर्लिन टॉफ्ट, व्यासपीठावर अवघडून बसलेले कम्युनिटी कॉलेजचे पेट्राकिस सर, आदरणीय पाद्रीबाबा, सत्कारमूर्ती ग्लेंडा बाउर, आणि आगीचा बंब बाहेर काढून मोकळ्या केलेल्या या जागेत दाटीवाटीने बसलेल्या एल्म फोर्कच्या बंधुभगिनींनो,

मी वेंडल क्राउझ, आपल्या दफनभूमी मंडळाचा अध्यक्ष, आपल्यासमोर जिवंत उभा आहे. एरवी असं सांगावं लागत नाही. पण या वर्षी एप्रिलमध्ये मी अधिकृतरीत्या वारलो होतो, आणि ज्या बाईंनी मला मारलं त्यांचाच सत्कार माझ्या हस्ते ठेवलाय. मंडळाच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार!

ग्लेंडाला तुम्ही सगळे ओळखता. सत्तावीस वर्षं मटारच्या कारखान्यात डब्यांच्या रांगेवर उभी राहिली. कारखाना बंद पडला तेव्हा ती छप्पन्न वर्षांची. या वयात माणूस काय करतो? मी तर नदीवर गळ टाकून बसलो होतो. ही बाई कॉलेजात गेली आणि तिने डेटाबेस हा विषय घेतला. कौंटीच्या कचेरीत नोंदी सांभाळायची जागा निघाली होती, पण अर्जासोबत प्रमाणपत्र हवं होतं, आणि अर्जाची शेवटची तारीख होती पंधरा मे.

प्रमाणपत्रासाठी खऱ्या संस्थेचं खरं काम करून दाखवायचं असतं. मी म्हटलं, आमची कार्डं घे. अठराशे बारा कार्डं, बुटांच्या खोक्यांत. गेलेल्यांची, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांचीही, ज्यांनी जागा आधीच घेऊन दगडावर नाव कोरून ठेवलंय, फक्त शेवटचं साल टाकायचं बाकी.

आता आपल्या गावाची खोड ऐका. मुलगा झाला की बापाचंच नाव ठेवायचं. माझे वडील वेंडल क्राउझ, मीही वेंडल क्राउझ. टॉफ्टांकडे तर वारलेल्या आजोबांच्याच नावाचे तिघे आहेत, आणि हाक मारली की कुत्रासुद्धा येतो. कार्डावर थोरला-धाकटा लिहायचे कष्ट आमच्या जुन्या चिटणिसांनी कधी घेतले नाहीत. ग्लेंडाने कॉम्प्युटरला हुकूम सोडला, एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर एक कर. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. एका क्षणात त्याने त्रेचाळीस जिवंत माणसं त्यांच्या बापांच्या कबरीत ढकलली.

सरांनी कामाला चौऱ्याण्णव गुण दिले. सर, मान खाली घालू नका, तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला काय माहीत! आम्हीही कौतुकाने यादी पोस्टात लावली. हयात सभासद डावीकडे, दिवंगत उजवीकडे. बाकीचे बेचाळीस रस्त्यात हिंडताना दिसत होते, म्हणून लोक हसले. मी मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तीन आठवडे घरात पडून होतो.

मग काय! दाराची घंटा वाजली. बायको आर्डिस बाहेर गेली होती, म्हणून काठी टेकत मीच उघडलं, तर समोर शेजारची युनिस, हातात मयताघरी नेतात त्या भाजलेल्या हॉटडिशचं काचेचं भांडं, डोळ्यांत पाणी. खाली बघूनच म्हणाली, “आर्डिसला सांगा, फार वाईट झालं हो. माणूस चिडका होता, पण मनाचा चांगला.” मग तिने वर पाहिलं.

भांडं मी झेललं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस इतक्या चपळाईने वाकू शकतो, हे डॉक्टरांनाही पटलं नाही.

संध्याकाळपर्यंत सात भांडी जमली. खिमा, शेवया, वरून चीज. स्वतःच्या मयताचं जेवण मी आठवडाभर जेवलो. मीठ कमी होतं, पण मेल्या माणसाने कुरकुर कशाला करायची? आठवं भांडं दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सापडलं. आणणारं कुणीच नाही.

आठवड्याभराने ग्लेंडा आली. उभ्याउभ्याच म्हणाली, “वेंडलकाका, तुम्हाला मी मारलंय.”

“बस की. कॉफी घेतेस?”

“हसू नका हो! तुम्ही एकटे नाही, त्रेचाळीस जण गेलेत. गुण तर मिळून गेलेत, सरांना कधी कळायचं नाही. पण सांगितलं तर प्रमाणपत्र अडकणार, नोकरी जाणार. आणि नाही सांगितलं तर उद्या कौंटीच्या नोंदी कुठल्या तोंडाने सांभाळू?”

आर्डिस टेबलावर धुतलेली भांडी एकेक उलटी करून बघत होती. ग्लेंडा बघतच राहिली. “काकू, सगळी सारखीच दिसतात. कुणाचं कुठलं कसं कळतं तुम्हाला?”

“अगं, खाली चिकटपट्टीवर नाव असतं ना! आयुष्य गेलं तुझं या गावात. फक्त हे एक मेलं कुणाचं, देव जाणे. पट्टीच नाही.”

ग्लेंडा कानापर्यंत लाल झाली. मग मटकन बसली आणि म्हणाली, “सर पाच आठवडे हेच सांगत होते. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा वेगळा क्रमांक द्या, नावावर विसंबू नका. मला वाटायचं, एवढंसं आपलं गाव, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, क्रमांक कशाला!”

त्याच दुपारी ती कॉलेजात गेली आणि सरांना सगळं सांगून आली. सरांनी चौऱ्याण्णव गुण काढून घेतले आणि दहा दिवस दिले. माझा त्यांच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण ते बरोबर वागले.

ते दहा दिवस तुम्हाला आठवत असतील. याच जागेत आपण रांग लावून “मी जिवंत आहे” असं सांगायला आलो होतो. टॉफ्टांचा थोरला तर पुरावा म्हणून मासेमारीचा परवाना घेऊन आला. माझा नंबर आला तेव्हा ग्लेंडाने विचारलं, “काका, वडील कधी गेले? काय करायचे ते?” मित्रहो, चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी जन्मभर ‘धाकटा वेंडल’. त्या दिवशी मी तासभर बापाबद्दल बोललो आणि रडलोही. मागे रांग खोळंबली होती, त्याबद्दल क्षमस्व.

आता वडिलांचा क्रमांक सहाशे चार आहे आणि माझा सहाशे पाच. माझ्या नोंदीतला शेवटचा रकाना रिकामा आहे. ग्लेंडा म्हणाली, “घाई नाही, काका.”

प्रमाणपत्र चौदा मेला मिळालं. सोमवारपासून ग्लेंडा कौंटी कचेरीत रुजू होतेय.

सरांचे, अध्यक्षांचे आणि पलीकडे कॉफी गरम ठेवणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात जिवंताला मेलेला किंवा मेलेल्याला जिवंत म्हणालो असेन, तर पदरात घ्या. अशा चुका आपल्या गावात होतात.

शाल, श्रीफळ असलं काही माझ्याकडे नाही. ग्लेंडा, ये इकडे. हे भांडं घे. एप्रिलपासून ते माझ्याकडे पडून आहे. ज्या बाईला तेव्हा स्वतःचं नाव लावायची लाज वाटली, तिचं ते आहे, हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं, कारण मटार आपल्या कारखान्याच्या डब्यातले होते.

उलटं करून बघ. पट्टी मी लावलीय. वाच, मोठ्याने वाच, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे: ‘ग्लेंडा बाउर, प्रमाणपत्रधारक.’